पानार सीडी एलएम 64 : 1/43 प्रमाणातील रेझिन मॉडेल कसे बांधावे

जून 1964 मध्ये ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत 44 आणि 45 क्रमांकाच्या दोन निळ्या पानार सीडी उतरल्या होत्या. पानार ही फ्रेंच मोटार कंपनी. दोघींनाही शर्यत पुरी करता आली नाही. तरीही हलक्या फ्रेंच गाड्यांची मॉडेले बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर कधी ना कधी या गाडीवर जातेच, आणि ती बांधताना बहुतेकांचे हात एकाच ठिकाणी अडखळतात. म्हणून गाडी अशी का घडली हे आधी थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे, कारण मॉडेल बांधताना कशावर वेळ घालवायचा याचे उत्तर त्यातच मिळते.

सीडी ही शार्ल डॉइच यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. डॉइच आणि रने बॉने यांनी ‘डीबी’ या नावाने पानारच्या यंत्रांवर अनेक वर्षे छोट्या शर्यती गाड्या बनवल्या. 1961 मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, बॉने यांनी रनोची इंजिने जवळ केली आणि डॉइच पानारबरोबर राहिले. 1962 मध्ये डॉइच यांच्या 702 सीसीच्या गाडीने आंद्रे गिलोदाँ आणि आलँ बेर्तो यांच्या हाती ल माँचा ‘इंडेक्स ऑफ परफॉर्मन्स’ जिंकला. या इंडेक्समध्ये नुसते अंतर मोजले जात नसे, तर इंजिनाच्या आकारमानाच्या मानाने गाडीने किती अंतर कापले हे पाहिले जाई. मोठ्या इंजिनांशी सरळ टक्कर देणे शक्य नसलेल्या छोट्या फ्रेंच गाड्यांचा सारा डाव या इंडेक्सवर असे.

एलएम 64, म्हणजे 1964 च्या ल माँसाठीची गाडी, हे त्याच विचाराचे टोक होते. तिचे इंजिन हवेने थंड होणारे, समोरासमोर दोन सिलिंडर असलेले, 848 सीसीचे, आणि ताकद पुढच्या चाकांना. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे इंजिन किमान 1000 सीसीचे असणे आवश्यक होते, पण सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र) बसवलेल्या इंजिनाचे आकारमान 1.4 ने गुणून धरले जाई. 848 ला 1.4 ने गुणले की 1187 येतात, म्हणजे सुपरचार्जर लावताच हे इंजिन कागदावर हजाराच्या वर गेले. एवढ्याशा यंत्राला ल माँच्या मार्गावरील युनोदिएरच्या सुमारे 6 किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर ताशी 220 किलोमीटरच्या पुढे न्यायचे, तर हवेचा अडथळा कमी करणे एवढाच मार्ग उरत होता. ल्युसियाँ रोमानी यांच्या वायुगतिकीच्या अभ्यासावर आधारलेले ते फायबरग्लासचे अंग, लांब निमुळते होत जाणारी शेपटी, तिच्यावरचे दोन उभे पंख, झाकलेली मागची चाके आणि बंद केलेला तळ हे सगळे त्यातून आले. तिचा वातरोध गुणांक (आकाराला हवा किती अडवते याचे माप, जितके कमी तितके चांगले) 0.12 ते 0.13 च्या घरात सांगितला जातो, आणि आजच्या गाड्यांच्या मानानेही तो आकडा थक्क करणारा आहे.

मॉडेल बांधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की या गाडीवर लपायला जागा नाही. क्रोमची जाळी नाही, तारांची चाके नाहीत, अंगावर जाहिरातींची गर्दी नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जाणारा पृष्ठभाग आणि त्याच्या पातळ कडा एवढेच आहे. हलकी गाडी लहान प्रमाणात हलकी दिसते ती कडांच्या जाडीमुळे, वजनाचा तिथे काही संबंध नसतो. चाकाच्या कमानीची कड, पंखांची कड, खिडकीची काच, रंगाचा थर, डेकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील क्रमांक-चित्राची) कड यांपैकी एकही गोष्ट जाड राहिली, तर रंग कितीही सुरेख मारला तरी मॉडेल साबणाच्या वडीसारखे दिसते. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

प्रमाणाचा हिशेब

छोट्या फ्रेंच शर्यती गाड्यांची किटे बहुतांशी 1/43 प्रमाणात आणि रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थात, मिळतात. मोठ्या कारखान्यांना प्लास्टिकचे साचे परवडतील इतकी मागणी अशा गाड्यांना नसते, त्यामुळे हे काम लहान कारागीर उत्पादकांकडे राहिले आहे. किटमध्ये साधारणपणे एकसंध रेझिनचे अंग, रेझिनचा तळ, व्हाइट मेटलचे (सहज वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूचे) किंवा अ‍ॅल्युमिनिअमचे काही भाग, फोटो-एचिंगची (रसायनाने कोरलेल्या धातूच्या पत्र्याची) एक पातळ पट्टी, पातळ प्लास्टिकच्या साच्यातून काढलेल्या काचा आणि डेकलचा कागद एवढे असते.

काम सुरू करण्यापूर्वी एक हिशेब कागदावर लिहून समोर लावावा. या प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे 43 मिलिमीटर. दरवाजाची फट मॉडेलवर 0.3 मिलिमीटर रुंद असेल, तर खऱ्या गाडीवर ती 13 मिलिमीटर होते, म्हणजे तिच्यात सहज करंगळी जाईल. पंख साच्यातून 1.2 मिलिमीटर जाडीचा आला असेल, तर खऱ्या गाडीवर तो पाच सेंटिमीटर जाडीचा ठोकळा ठरतो. प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर), रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मिळून एकूण थर 0.1 मिलिमीटरचा झाला, तर त्याचा अर्थ अंगावर चार मिलिमीटरहून अधिक जाडीचा लेप चढवला असा होतो. हा कागद समोर असला की ‘आणखी एक हात देऊ’ हा मोह आपोआप आवरतो.

संदर्भचित्रे

चित्रे गोळा करताना ती कोणत्या दिवसाची आहेत हे पाहावे. सरावात दिसणारी गाडी आणि शर्यतीत उतरलेली गाडी यांच्यात दिवे, हवेची छिद्रे, क्रमांकाची जागा अशा गोष्टींत फरक असू शकतो, आणि नंतर दुरुस्त करून संग्रहालयात ठेवलेल्या गाडीवर तर कित्येक भाग नव्याने घडवलेले असतात. म्हणून आधी ठरवावे की आपण 44 क्रमांकाची गाडी बांधणार की 45 क्रमांकाची, आणि मग त्याच गाडीची शर्यतीच्या दिवसांतली चित्रे प्रमाण मानावीत. दोन गाड्यांतील सोयीचे तपशील एकत्र करून तिसरीच गाडी बांधण्याची चूक फार सहज होते. डावीकडून एक, उजवीकडून एक, समोरून एक आणि मागून एक अशी चार चित्रे मिळाली की काम सुरू करायला हरकत नाही. चाळीस चित्रे जमवत बसल्याने मॉडेल बांधून होत नाही, हे मी स्वतःच्या कपाटाकडे पाहून सांगू शकतो.

अंग घासणे

रेझिनच्या भागांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा थर असतो. भांडी घासण्याचा द्रव साबण घातलेल्या कोमट पाण्यात सगळे भाग जुन्या दातघासणीने दोनदा स्वच्छ करावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. पाणी फार गरम नसावे, कारण रेझिन उष्णतेने नरम पडते. मात्र याच गुणाचा उपयोग वाकलेला तळ सरळ करण्यासाठी होतो. वाकलेला भाग काही सेकंद गरम पाण्यात धरावा, सपाट काचेवर हलकेच दाबावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा.

यानंतर खरे काम सुरू होते. साच्याच्या दोन भागांची रेघ अंगावरून कोठून जाते ते दिव्याखाली तिरके धरून पाहावे. अशा रेघा बहुधा पंखांच्या माथ्यावर, चाकांच्या कमानींवर आणि नाकाच्या कडेला सापडतात. डोळ्याला न दिसणारी रेघ बोटाच्या टोकाला कळते, म्हणून डोळे मिटून बोट फिरवण्याची सवय लावावी. मोठी रेघ बारीक कानशीने उतरवावी आणि नंतर 400, 600, 800 अशा क्रमाने वॉटर पेपरने पाणी मारून घासावे. रेझिनची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. ओले घासल्याने ती उडत नाही, तरीही मास्क लावावाच आणि घासलेला चिखल वाळण्यापूर्वी पुसून टाकावा.

वॉटर पेपर थेट बोटाने धरून घासल्यास बोटाच्या गोलाईप्रमाणे पृष्ठभागावर खोलगट पट्टे उमटतात. एखाद्या चौकोनी गाडीवर ते खपून जातात, पण या गाडीवर चकाकी आली की छपरापासून शेपटीपर्यंत जाणारी उजेडाची रेघ नेमकी त्या ठिकाणी लचकते. त्यासाठी पेपर मऊ स्पंजाच्या तुकड्यावर गुंडाळावा आणि हात नेहमी गाडीच्या लांबीला तिरका चालवावा, एकदा या बाजूने तिरका, एकदा त्या बाजूने. बाहेर फुगणाऱ्या वळणांवर ही पद्धत उत्तम चालते. पंख अंगातून उगवतात त्या आतल्या वळणासाठी मात्र योग्य जाडीच्या गोल काडीला पेपर चिकटवून घ्यावा लागतो.

रेझिनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि घासताना ते उघडे पडतात. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पुट्टीने नुसते वरून झाकले, तर आतली हवा रंग वाळताना तिथेच पुन्हा खड्डा पाडते. म्हणून छिद्र आधी 0.5 मिलिमीटरच्या ड्रिलने जरा मोठे आणि स्वच्छ करावे, त्यात सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकाने सोडावा, आणि तो घट्ट झाल्यावर तासाभराच्या आत घासून सपाट करावा. सुपरग्लू दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला तर तो रेझिनपेक्षा कठीण होतो. मग घासताना आजूबाजूचे रेझिन झिजते आणि थेंबाचा टेंगूळ तसाच राहतो.

कडा पातळ करणे

चाकांच्या कमानीची कड, नाकाची खालची कड आणि शेपटीची मागची कड या तीन ठिकाणी साच्यातून आलेले अंग हमखास दीड-दोन मिलिमीटर जाड असते. संपूर्ण अंग आतून कोरण्याची गरज नाही आणि तसा प्रयत्न करूही नये, कारण हात एकदा सटकला की बाहेरून भोक पडते. फक्त दिसणाऱ्या कडेपासून आत तीन-चार मिलिमीटरपर्यंत उतार काढावा, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला पातळ कड दिसते आणि आतली जाडी अंधारात राहते. लहान मोटार टूलला गोल दाताचे बिट लावून, वेग अगदी कमी ठेवून, थोडे थोडे उतरवावे. वेग वाढवला तर रेझिन वितळून दातांत अडकते. अधूनमधून अंग दिव्यासमोर धरले की कड कोठे पातळ झाली आणि कोठे जाड राहिली हे आरपार येणाऱ्या उजेडावरून समजते. कड मध-रंगाने उजळू लागली की तिथे थांबावे.

पंखांच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे साच्यातून आलेलेच पंख दोन्ही बाजूंनी घासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणणे. अंगाशी जुळणारे वळण यात अबाधित राहते, म्हणून शक्यतो हाच मार्ग धरावा. घासताना पंखाला पलीकडच्या बाजूने लाकडी काडीचा आधार द्यावा, कारण पातळ रेझिन सूचना न देता तुटते. माझा एका बाजूचा पंख दोनदा मुळापासून तुटला आणि दुसऱ्यांदा त्याचा तुकडाही सापडला नाही, तेव्हा नाइलाजाने दुसरा मार्ग पत्करावा लागला. अशा वेळी 0.4 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून पंख कापून घ्यावा. अंगात बारीक खाच पाडून तो तिच्यात रोवावा आणि मुळाशी पुट्टीने वळण भरावे. दोन पंख समांतर आहेत ना आणि मागून पाहता सारख्या उंचीचे आहेत ना, हे ग्राफ पेपरवर मॉडेल उभे करून तपासावे. पंख वाकडा असेल तर ते पाहणाऱ्याच्या सर्वांत आधी लक्षात येते.

दरवाजाच्या आणि झाकणांच्या रेघा रुंद न करता खोल कराव्यात. स्क्रायबरचे (रेघ कोरण्याच्या अणकुचीदार हत्याराचे) टोक किंवा पात्याची बोथट मागची कड रेघेतून वजन न देता आठ-दहा वेळा ओढावी. हे काम प्रायमरपूर्वीच उरकावे. नंतर रंगाचे थर रेघेत बसणारच आहेत, त्यामुळे ती रेघ आता जरा जास्तच खोल वाटली तरी चालेल.

रंगाआधी सगळे जोडून पाहणे

रंगाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी संपूर्ण गाडी न चिकटवता एकदा उभी करून पाहावी. तळ अंगात बसतो का, चाके कमानीच्या मध्यावर येतात का, काचा आपल्या खाचेत सपाट बसतात का हे सगळे आत्ताच ठरवायचे असते. एकदा घाईत मी काच न बसवता अंग रंगवले आणि चकाकी आणल्यावर पाहिले तर काच अर्ध्या मिलिमीटरने मोठी निघाली. ती कापताना कमी झाली, खाच कोरताना रंग उडाला, आणि शेवटी सगळा रंग काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

गाडीची बैठक याच टप्प्यावर साधावी. सपाट काचेवर मॉडेल ठेवून चारही चाकांखाली सिगारेटच्या कागदासारख्या पातळ कागदाची पट्टी सरकवावी. एखाद्या चाकाखालून ती सहज निघाली, तर ते चाक अधांतरी आहे. एलएम 64 जमिनीला चिकटल्यासारखी बसते आणि मागची चाके झाकलेली असल्याने ती उंच राहिली की पाहणाऱ्याला लगेच खटकते. धुरे एक-दीड मिलिमीटर वर घ्यावे लागले तर तळातील छिद्रे भरून नवी पाडावीत. मागची चाके झाकणांत अडकत नाहीत याची खात्री करून घ्यावी. मॉडेलची चाके फिरण्याची गरज नसते. ती पक्की आणि सरळ बसली की काम भागते.

प्रायमर आणि निळा रंग

करडा प्रायमर पातळ करून एअरब्रशने दोन हलके हात द्यावेत. पहिल्या प्रायमरचे काम पृष्ठभागावरच्या चुका उघड्या पाडणे एवढेच असते. त्यात दिसलेले ओरखडे आणि छिद्रे भरून 1000 च्या पेपरने घासावे, पुन्हा हलका हात द्यावा, पुन्हा पाहावे. तीन फेऱ्या झाल्या तरी कंटाळू नये. घासताना बहुतेक प्रायमर उतरतो, त्यामुळे जाडी वाढत नाही. शेवटी पांढऱ्या प्रायमरचा एक अगदी पातळ हात द्यावा, कारण निळा रंग करड्यावर मळकट दिसतो आणि पांढऱ्यावर खुलतो.

‘फ्रेंच रेसिंग ब्ल्यू’ हा देशाचा शर्यतीचा रंग खरा, पण तो एका डब्यात मिळणारा एकच रंग नाही. वेगवेगळ्या संघांनी आणि वेगवेगळ्या वर्षांत फिकट आकाशी छटेपासून गडद निळ्यापर्यंत सर्व काही त्या नावाखाली वापरले. त्यातच साठच्या दशकातील रंगीत चित्रांत फिल्म, ऊन आणि छपाई यांनी छटा बदललेली असते. एका चित्रावर विसंबून रंग मिसळू नये. तीन-चार छटा पांढऱ्या चमच्यांच्या पाठीवर मारून, एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा दिव्याखाली, चित्रांशेजारी ठेवून पाहाव्यात. चमच्याची पाठ यासाठी की वळणावर छटा कशी बदलते ते सपाट कार्डावर कळत नाही. दोन छटांमध्ये मन अडकले तर जरा फिकट छटा निवडावी, कारण लहान वस्तूवर प्रत्येक रंग खऱ्यापेक्षा गडद वाटतो.

रंग मारताना अंग आतून एका लाकडी दांडीवर पक्के बसवावे, म्हणजे शेवटपर्यंत बाहेरून बोट लागणार नाही. पहिला हात नुसता धुक्यासारखा, मग दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, आणि तिसरा जरा ओला, असे तीन हात पुरेसे होतात. सुरुवात नेहमी पंखांचा आतला भाग आणि कमानींच्या कडा अशा अवघड जागांपासून करावी. त्या शेवटी करायला गेल्यास आजूबाजूला कोरडी पूड बसते आणि पृष्ठभाग दाणेदार होतो. ओघळ आलाच तर त्याला ओला असताना हात लावू नये. दोन दिवस वाळू द्यावा आणि मग 1500 च्या ओल्या पेपरने तेवढाच उतरवावा. लॅकर फवारताना वाफांसाठी असलेला रेस्पिरेटर आणि खिडकीकडे हवा ओढणारा पंखा हवाच, धुळीचा साधा मास्क तिथे काही कामाचा नाही.

डेकल आणि क्लिअर कोट

या गाडीवर डेकल थोडे आहेत आणि म्हणूनच प्रत्येकाची जागा महत्त्वाची आहे. पांढऱ्या गोलातील क्रमांक एक मिलिमीटरने सरकला, तर खऱ्या गाडीवर तो चार सेंटिमीटरहून जास्त सरकतो. दरवाजाची रेघ गोलाला कोठे छेदते हे चित्रात पाहून ती खूण धरावी. किट जुने असेल तर डेकलचा कागद पिवळा पडलेला असू शकतो. तो खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दिले तर पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतर न लागणारा एखादा डेकल आधी पाण्यात सोडून पाहावा. तो तुकडे होऊन विरघळू लागला, तर उरलेल्या कागदावर डेकलसाठीचा क्लिअर फवारून मगच पुढे जावे. नाकाच्या गोलाईवरचा क्रमांक सपाट बसत नाही. तिथे डेकल मऊ करणारे द्रावण ब्रशने लावून दहा मिनिटे त्याला हात न लावता सोडावे. या वेळात डेकल सुरकुततो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण वाळताना तो आपोआप अंगाला चिकटून बसतो.

क्लिअर कोटचे दोन हलके हात आणि एक ओला हात द्यावा. दोन घटकांचा क्लिअर वापरायचा असेल तर त्यातील हार्डनर फुप्फुसांना घातक असतो हे ध्यानात ठेवून पूर्ण संरक्षण घ्यावे. घरात तशी सोय नसेल तर साधा लॅकर क्लिअर बरा. आठवडाभर वाळल्यावर 2000 आणि 3000 च्या पेपरने डेकलच्या कडा नखाला लागेनाशा होईपर्यंत घासावे आणि पॉलिशने चमक आणावी. पंखांच्या माथ्यावर आणि कमानींच्या कडांवर मात्र पेपर फिरवू नये. तिथला रंग एका घासण्यात जातो, म्हणून त्या कडा पॉलिश करेपर्यंत मास्किंग टेपच्या अरुंद पट्टीने झाकून ठेवाव्यात. आणि चकाकी आरशासारखी करण्याच्या फंदात पडू नये. रात्रभर पळायला निघालेली शर्यती गाडी प्रदर्शनातल्या मोटारीइतकी कधी चमकत नाही.

आतला भाग, काचा आणि चाके

आतला भाग लहान खिडक्यांतून फारसा दिसत नाही. मॅट काळा, सीटला किंचित निराळा काळा, एचिंगच्या पट्टीतील सीटबेल्टचे बकल आणि स्टीअरिंग व्हील एवढ्यावर भागते. स्टीअरिंग कोणत्या बाजूला आहे हे चित्रात पाहून मगच डॅशबोर्ड चिकटवावा.

काचांवर मात्र सावकाश काम करावे. साच्यातून काढलेली पातळ काच साधारण पाव मिलिमीटरची असते आणि कडांच्या पातळपणाचा हिशेब इथेच जमतो किंवा बिघडतो. काच एका फटक्यात कापू नये. रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून लहान कात्रीने कापावी, मग खाचेवर धरून पाहत पाहत बारीक पेपरने कड उतरवावी. कापलेली कड काळ्या मार्करने रंगवली की ती पांढरट चकाकत नाही. काच चिकटवण्यासाठी सुपरग्लू कधीही वापरू नये, कारण त्याची वाफ काचेवर पांढरे धुके आणते आणि ते पुसून जात नाही. वाळल्यावर पारदर्शक होणारा पाण्याचा पांढरा गोंद दातकोरणीने कडेला लावावा आणि टेपच्या पट्ट्यांनी रात्रभर धरून ठेवावा. दिव्यांवरची पारदर्शक आवरणे याच रीतीने बसवावीत. दिव्यांचा रंग चित्रांत नीट पाहून ठरवावा. त्या काळी फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे होते, पण म्हणून प्रत्येक शर्यती गाडीचे दिवे पिवळेच होते असे धरून चालू नये.

टायर साच्यातून चकचकीत काळे येतात. 400 च्या पेपरवर दोन-तीन वेळा फिरवले की त्यांची चकाकी जाते आणि वापरल्याचा करडेपणा येतो. त्यांना काळा रंग देऊ नये. चाके आणि तळ इपॉक्सीने बसवावेत, कारण ती घट्ट व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात बैठक पुन्हा एकदा काचेवर तपासता येते.

सर्वांत शेवटी वायपर, इंधनाच्या टाकीचे झाकण आणि रात्री पंचांना क्रमांक दिसावा म्हणून लावलेले छोटे दिवे बसवावेत. वायपर एचिंगचा असल्यास तो काचेच्या वळणाप्रमाणे आधी पेन्सिलीवर वाकवून घ्यावा आणि पांढऱ्या गोंदाच्या एका ठिपक्यावर टेकवावा. हे भाग चिकटले की गाडी पुन्हा उताणी करायची नाही, म्हणून तळाचे आणि चाकांचे सगळे काम त्याआधी संपलेले असावे.

मॉडेल प्लास्टिकच्या बैठकीवर ठेवायचे असेल तर टायरखाली अ‍ॅल्युमिनिअम फॉइलचे चिमुकले तुकडे ठेवावेत. मऊ टायरमधील द्रव वर्षा-दोन वर्षांत प्लास्टिकमध्ये उतरतो, टायर बैठकीत रुततात आणि गाडी उचलताना चाके मागे राहतात. शोकेस उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावी, कारण इतक्या कष्टाने पातळ केलेली शेपटी उन्हाने तापली की स्वतःच्या वजनानेच हळूहळू खाली झुकते.